चॅनेल फेल, मग ट्रिप

220 केव्हीच्या लाइनवर छोटं विमान आदळलं आणि तासाभरात 'पायलटला शॉक बसला' हे सगळीकडे झालं. शॉक बसायला करंटला वाट लागते. हवेतलं विमान एकाच तारेला टेकलं तर वाट कुठली? तारेवरच्या कावळ्याला काय होतं?

सबस्टेशनच्या रिलेत, म्हणजे बिघाड ओळखून लाइन तोडणाऱ्या यंत्रात, नोंद सरळ होती. आर फेजला (तीन वीजवाहक तारांपैकी एकीला) फॉल्ट, एका सेकंदाने ऑटो-रिक्लोज (लाइन आपोआप पुन्हा जोडली), फॉल्ट तसाच म्हणून तिन्ही फेज ट्रिप (बंद) आणि लॉकआउट (आता आपोआप जोडणं नाही). बघणाऱ्यांना दोनदा लखलखाट दिसला तो हाच. सगळे इथेच थांबले. मी यादीत एक ओळ वर गेलो: 'चॅनेल फेल', म्हणजे लाइनच्या दोन टोकांच्या रिलेंमधला संपर्क तुटला, पहिल्या फॉल्टच्या 1.4 सेकंद आधी. हा अलार्म इतक्यांदा येतो की कुणी ढुंकून बघत नाही. पण रिलेचं घड्याळ जीपीएसवर चालतं, वेळ मिलिसेकंदात लागते.

तो चॅनेल जातो टॉवरच्या शेंड्यावरच्या, जमिनीला जोडलेल्या अर्थवायरमधून. तिच्या पोटात ऑप्टिकल फायबर असतं. म्हणजे आधी तुटली अर्थवायर, जिच्यावर व्होल्टेजच नसतं. मग ती खालच्या फेजवर पडली. मध्ये साडेआठ मीटर अंतर. मोकळी वस्तू तेवढं पडायला 1.3 सेकंद घेते. ठिणगी उडाली तेव्हा विमान पुढे निघून गेलं होतं.

सापळा पाहिल्यावर तर खात्रीच पटली. पुढच्या चाकाच्या दांड्यावर तिरके ओरखडे, तारेच्या पिळाच्या अंतराने एकामागे एक. वितळल्याचा एकही खड्डा नाही. तारेच्या तुटल्या टोकाला लडी निमुळत्या झालेल्या, म्हणजे ताणाने तुटल्या. आर्कने (विजेच्या ठिणगीने) तुटल्या असत्या तर टोकाला मणी धरले असते. तसे मणी सापडले, पण टोकापासून लांब, जिथे ती फेजवर पडली तिथे.

ओरखडे चाकाच्या दांड्यावर होते, म्हणजे पुढचा पंखा (प्रोपेलर) आणि पंख तारेवरून गेले. हातभर उंची कमी पडली. पायलटला कंडक्टर (वीज वाहणाऱ्या तारा) दिसले असावेत आणि त्याने नाक वर घेतलं असावं. कंडक्टर 28 मिमी जाड, अर्थवायर 12 मिमी. वर बघताना ती आकाशात विरून जाते. त्यात अर्थवायरला झोळ कमी ठेवतात, त्यामुळे टॉवरपाशी असतं त्यापेक्षा स्पॅनच्या (दोन टॉवरमधल्या टप्प्याच्या) मध्यावर दोन्हींतलं अंतर वाढतं. जाणते पायलट लाइन ओलांडतात ती टॉवरच्या डोक्यावरून. टॉवर लांबून दिसतो, आणि त्याच्या वर तार नसते.

एक गोष्ट मात्र अजून डोक्यात बसली आहे. लॉकआउटनंतर कंट्रोल रूमने 'बघू, टिकते का' म्हणून लाइन हाताने पुन्हा चार्ज केली. पेट्रोलिंग नाही, विचारणा नाही. खाली माणसं सापळ्याकडे धावत होती आणि तार जमिनीपर्यंत लोंबत होती. लोंबणारी तार मेली आहे असं कधीही धरू नये. दोन्ही टोकांना आयसोलेटर (लाइन वेगळी करणारे स्विच) उघडून, जागेवर डिस्चार्ज रॉड लावून अर्थ केल्याशिवाय, म्हणजे जमिनीला जोडल्याशिवाय, जवळ जायचं नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये अमेरिकेत मेरीलँडला एक छोटं मूनी विमान टॉवरमध्ये अडकलं, आतले दोघे जमिनीपासून सुमारे 100 फुटांवर. लाइन अर्थ केल्याशिवाय बचाव पथकाला वर हात लावता येईना. दोघे खाली यायला सातएक तास लागले, पण जिवंत आले.

आपल्या स्पॅनवर मार्कर बॉल, म्हणजे तार दिसावी म्हणून लावायचे रंगीत गोळे, नव्हते. नियमाने बंधनकारकही नव्हते, हे अहवालात ठळक लिहिलं गेलं. 60 सेंमी व्यासाचे गोळे दर 30 मीटरला, 350 मीटरच्या स्पॅनला अकरा पुरतात. एक लाल, एक पांढरा. फायबर चेपू नये म्हणून क्लॅम्पखाली आर्मर रॉड (संरक्षक सळ्या) गुंडाळायचे, एवढंच नाजूक काम. अर्थवायर नवी ओढताना शटडाऊन होताच, त्यातच हेही उरकलं असतं. गोळे नंतर मंजूर झाले. आता त्यांच्यासाठी वेगळा शटडाऊन मागितला आहे.