निळ्या बुचाची नळी

"डोनर बघून ठेवा," हॉस्पिटलच्या लॅबच्या खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं. सकाळचे अकरा वीस. मला सातवा महिना, अंगात १०२ ताप आणि हातातल्या कागदावर प्लेटलेट्स ३८ हजार. दीड लाखाच्या वर हव्यात एवढं मलाही माहीत होतं. नवरा तिथेच जिन्यात उभा राहून सगळ्या ग्रुपवर मेसेज टाकायला लागला.

मलेरिया सापडायला मात्र वेळ लागला नव्हता. मुंबईचा पावसाळा, एक दिवसाआड हुडहुडी. डेंगी निगेटिव्ह, व्हायवॅक्स (मलेरियाचाच एक प्रकार) पॉझिटिव्ह.

वॉर्डातल्या डॉक्टर मॅडमनी कागद बघून आधी मलाच तपासलं. हिरड्यांतून रक्त? लघवी लाल? अंगावर बारीक लाल ठिपके? काहीच नव्हतं. बीपी घेतलं, लिव्हरच्या टेस्ट लिहिल्या, कारण गरोदरपणात बीपीच्या आजारानेही प्लेटलेट्स पडतात आणि ते प्रकरण वेगळंच असतं. मग म्हणाल्या, "मलेरियात पानथरी प्लेटलेट्स अडकवून ठेवते, काही वापरल्या जातात, त्यामुळे आकडा पडणारच. पण मला हा ३८ खरा वाटत नाही. कधी कधी जांभळ्या बुचाच्या नळीत प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात, मशीनला मोजता येत नाहीत." कागदावर लिहून दिलं: निळ्या बुचाच्या नळीत पुन्हा नमुना, आणि स्लाइडवर डोळ्यांनी मोजणी.

इथून पुढचे चार तास आठवले की अजून डोकं तापतं. खिडकीवर म्हणे, "सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) सकाळीच झालंय, एका दिवसात दोनदा होत नाही." मॅडमचं अक्षर दाखवलं. "मग नवीन केसपेपर काढा." केसपेपरची खिडकी साडेबाराला बंद. ती उघडायला लावली (सातव्या महिन्याचं पोट पुढे करून उभं राहिलं की काही खिडक्या उघडतात), तर निळी नळी स्टोअरमध्ये, स्टोअरचे मामा जेवायला. नळी मिळाली, रक्त घेतलं, आणि आता स्लाइड बघणारे डॉक्टर तीनला येणार! मी बाकावर शाल गुंडाळून बसले, घाम आला की शाल काढायची, थंडी वाजली की पुन्हा ओढायची. समोर भिंतीवर 'कृपया शांतता राखा'. मी राखली, पण मनात नाही.

मधेच सासूबाई पपईच्या पानांचा रस घेऊन आल्या. मॅडमना विचारलं, त्यांनी साफ नको म्हटलं. डबा तसाच परत गेला आणि दोन दिवस अबोला.

सव्वाचारला रिपोर्ट आला. ८४ हजार. खाली हाताने लिहिलेलं: 'गुठळ्या दिसतात, काही प्लेटलेट्स मोठ्या आकाराच्या.' म्हणजे कमी होत्याच, पण डोनरची धावाधाव करण्याइतक्या नाही. नवऱ्याला तोवर सहा जणांचे होकार आले होते. त्यांना फोन करून 'नको' सांगताना तो रडलाच.

म्हणून सांगते, रिपोर्टमध्ये आकडा फार खाली दिसला आणि रक्तस्राव नसला, तर घाबरण्याआधी "स्लाइड बघितली का?" एवढं विचारा. रक्त कुठूनही येत असेल तर मात्र खिडकीशी वाद घालत बसू नका, थेट वॉर्ड गाठा.

गोळ्या क्लोरोक्वीनच्या, तीन दिवस: चार, चार, दोन. गरोदरपणात चालतात. रिकाम्या पोटी घेऊ नका. मी घेतली आणि वीस मिनिटांत उलटी, पुन्हा घ्यावी लागली. आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: तापाला फक्त पॅरासिटामॉल. घरात पडलेली आयबुप्रोफेनची गोळी या दिवसांत अजिबात नको, ती बाळालाही वाईट आणि प्लेटलेट्सनाही.

तिसऱ्या दिवशी ताप गेला. प्लेटलेट्स ९६ हजार, आठव्या दिवशी १ लाख ७० हजार. एकही पिशवी चढवली नाही. दोन्ही वेळा नमुना निळ्या नळीतच द्यायला लावला.

व्हायवॅक्स लिव्हरमध्ये दडून बसतो. त्यावरची प्रायमाक्वीन गरोदरपणात देत नाहीत, म्हणून ती बाकी आहे. बाळंतपणानंतर कधी घ्यायची हे मॅडमना विचारायचं आहे. फ्रिजवर चिठ्ठी लावलीय, आणि त्याखाली नवऱ्याने लिहिलंय: 'केसपेपर साडेबाराच्या आत.'