आजोबांची वही आणि 1627

2018 साली दहावीचं इतिहासाचं पुस्तक बदललं तेव्हा आमच्या स्टाफरूमने हायच खाल्ली होती. पहिल्याच धड्यात व्हॉल्टेअर, रांके, मार्क्स, फूको असे पाश्चात्त्य विचारवंत! लढाया आणि तह शिकवत केस पिकलेल्यांना आता इतिहास लिहितात कसा, हे शिकवायचं होतं. मला पुस्तक आवडलं. रडगाणं आहे ते तासिकांचं. आठवड्यातली एक तरी कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमात जातेच.

दुसरा धडा, इतिहासलेखनाची भारतीय परंपरा. कल्हण झाला, बरनी झाला, बखरीपाशी आलो तर एक मुलगी आजोबांची शाळेतली वही घेऊन उभी राहिली. निळ्या शाईत लिहिलेलं, ‘शिवाजी महाराजांचा जन्म 1627’. शेजारी गुरुजींची लाल खूण, बरोबरची.

“सर, मी हे लिहिलं तर चूक. मग आजोबांचं बरोबर कसं?”

धडा तिथेच थांबवला. फळ्यावर दोन तिथ्या मांडल्या. वैशाख, शके 1549 ही उत्तरकालीन बखरींमधली, म्हणजे आजोबांचं 1627. फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 ही जेधे शकावलीतली. ती शकावली, म्हणजे घटनांच्या सालवार नोंदी, लोकमान्य टिळकांनी उजेडात आणली. हीच तिथी कवी परमानंदाच्या शिवभारत या काव्यातही आहे आणि ते तर महाराजांच्या हयातीतलं. म्हटलं, आता या दुसऱ्या तिथीचं इसवी सन काढा. सगळा वर्ग ओरडला, “अधिक 78, सर! 1629!”

मी याचीच वाट बघत होतो. शक चैत्रात बदलतो. फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष पालटलेलं असतं, म्हणून तिथे 79 मिळवायचे. 19 फेब्रुवारी 1630. हे 79 मला बी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं. तिथे पाठ टाचणाच्या समासाला मार्क होते.

“म्हणजे 1630 पण बदलेल?”

“तसा पुरावा निघाला तर बदलेल.”

“मग पाठ कशाला करू?”

घंटा झाली. सुटलो, असंच वाटलं मला त्या क्षणी.

घटक चाचणीत ‘बखर’ ही टीप होती, दोन गुणांची. तिने शेवटी लिहिलं होतं: ‘तारखेसाठी एकट्या बखरीवर विसंबू नये, शकावली ताडून पाहावी.’ मी दोनपैकी दोन दिले. पेपर पुन्हा बघणाऱ्या बाईंनी विचारलं, “हा मुद्दा पुस्तकात कुठे आहे?” बाई वाईट नाहीत, बोर्डाचे गठ्ठे तपासून तपासून तशा झाल्यात. मी पुस्तक उघडलं, त्या शब्दांत कुठेच सापडला नाही.

गुण तसेच ठेवले. मुलीला मात्र हळूच सांगितलं, बोर्डात हे वाक्य अगदी शेवटी लिही, आधी पुस्तकातले मुद्दे. ती हो म्हणाली आणि वही मागून घेऊन गेली.