कोरड्या लेनसाठी बॉल घेताना

आमच्या बोलिंग ॲलीत शनिवार-रविवार म्हणजे वाढदिवस आणि ऑफिस पार्ट्या. सकाळी मशीनने लेनवर तेल घातलेलं असलं तरी रात्री आम्ही नेहमीची मंडळी पोचेपर्यंत ते नावाला उरलेलं असतं. माझा जुना बॉल सॉलिड रिॲक्टिव्ह (हा कव्हरचा प्रकार), म्हणजे तेलातही लेनला चिकटून वळणारा. कोरड्या लेनवर तो नेम धरायचे बाण, म्हणजे ॲरो, ओलांडले रे ओलांडले की डावीकडे धावायचा. मी उजवखोरा, त्यामुळे बॉल एक आणि तीन नंबरच्या पिनमधल्या फटीत, म्हणजे पॉकेटात, शिरायला हवा. हा हेडपिनच्या, म्हणजे एक नंबरच्या, पलीकडे दोन नंबरवर जाऊन आदळायचा. कधी पॉकेटात गेलाच तर तोवर दम संपलेला. दहा नंबरची पिन जागची हलायची नाही.

फाउल लाइनपासून हेडपिनपर्यंत 60 फूट. त्यात ॲलीच्या नेहमीच्या पॅटर्नमध्ये तेल साधारण 40 फुटांपर्यंत, मध्ये दाट आणि कडेला पातळ. बॉलने तेलावर घसरावं, पुढे कोरड्यात पकड घ्यावी, एवढा हा खेळ. पॅटर्नच्या लांबीतून 31 वजा केले की बॉल कितव्या बोर्डावरून (लेनच्या उभ्या पट्टीवरून, कडेपासून मोजून) आत वळवायचा याचा अंदाज येतो. 40 फुटांना नववा बोर्ड. पण तेलच उडालेलं असेल तर हे गणित गुंडाळून ठेवायचं.

नवा बॉल घ्यायचा म्हटल्यावर पहिला प्रश्न कव्हरचा. दुकानं आणि जाहिराती 'जास्त हुक', म्हणजे जास्त वळण, विकतात. आपल्याला नेमका कमी हुक हवा असतो. साधा प्लॅस्टिकचा बॉल सरळ जातो, स्पेअरला, म्हणजे उरलेल्या पिन पाडायला, उत्तम, पण स्ट्राइकसाठी आत शिरायचा कोन मिळत नाही. युरेथेन या दुसऱ्या कव्हरची बरेच जण शिफारस करतात, कारण तो एकदम झटका न देता सावकाश वळतो. माझा वेग मात्र कमी, स्क्रीनवर 24-25 किलोमीटर दिसतो. अशा हाताला युरेथेन कोरड्यावर लवकर पकड घेतो आणि पिनपर्यंत पोचताना मरगळतो. एकाने पर्पल हॅमर नावाचा जुना युरेथेन बॉल स्वस्तात देऊ केला होता. तो कुठल्या वर्षीचा ते कळेना, आणि 2016-17 साली बनलेल्या त्या बॉलना अमेरिकेतल्या बोलिंगचे नियम ठरवणाऱ्या यूएसबीसी या संघटनेने 2022मध्ये आपल्या राष्ट्रीय स्पर्धांतून बाद केलं होतं, कव्हर नियमापेक्षा मऊ निघालं म्हणून. मुंबईत मला कोण अडवणार होतं म्हणा, पण सोडून दिला.

शेवटी पर्ल रिॲक्टिव्ह ठरला, चकाकीची भुकटी मिसळलेल्या कव्हरचा, फॅक्टरी पॉलिशचा. लांबपर्यंत घसरतो आणि शेवटासाठी जोर राखून ठेवतो. कोअर, म्हणजे आतला गाभा, साधा, सिमेट्रिक. आकडे बघायचे ते दोनच: आरजी (जितका जास्त तितका बॉल उशिरा लोळायला लागतो) आणि डिफरन्शियल (जितका कमी तितका बॉल कमी वळतो). नियमात आरजी 2.46 ते 2.80 आणि डिफरन्शियल जास्तीत जास्त 0.060. मला आरजी जरा वरचा आणि डिफरन्शियल 0.030च्या आसपास हवा होता. वजन पूर्वीचंच, 15 पाउंड. भाचा दुबईहून येताना घेऊन आला. त्याच्या सामानातले पावणेसात किलो माझ्यापायी गेले हे ताई अजून ऐकवते.

ड्रिल करून देणारे काका आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या ओळखीचे. पूर्वी टूलरूममध्ये टर्नर होते, आता सायनच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये छोटा गाळा आहे. फोनवर एवढंच म्हणाले, "जुना बॉल पण आण. आणि पुसू नकोस हां."

पुसायचा का नाही ते तिथे गेल्यावर कळलं. ट्यूबलाइटखाली त्यांनी बॉल तिरका धरला तशी त्यावर तेलाची फिकट वर्तुळं दिसली, एकमेकांपासून जराशी सरकलेली. बोटांच्या सगळ्यात जवळचं वर्तुळ पकडून त्यांनी पिवळ्या ग्रीस पेन्सिलने माझा अक्ष, म्हणजे माझ्या हातून सुटलेला बॉल ज्या बिंदूभोवती फिरतो तो, काढला: ग्रिपच्या मध्यापासून पावणेपाच इंच उजवीकडे, अर्धा इंच वर. यालाच पीएपी म्हणतात. बॉलचा घेर 27 इंच, त्याचा पाव भाग पावणेसात. पिन (इथे बॉलवरची कोअरची खूण) पीएपीपासून याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे 3⅜ इंचांवर ठेवली की वर्तुळं सगळ्यात जास्त पसरतात, दर फेरीला कोरडं कव्हर लेनला लागतं आणि बॉल जास्त वळतो. आम्हाला उलटं हवं होतं. "जवळ आणली तर लवकर लोळेल. लांब टाकू," म्हणत त्यांनी सव्वापाच इंचांवर खूण केली. जुन्या बॉलचं चौथं भोक बघून हसले. वजनाचा तोल साधायला पाडलेलं ते बॅलन्स होल 1 ऑगस्ट 2020पासून यूएसबीसीच्या नियमांत चालत नाही.

ले-आउटवर, म्हणजे भोकं कुठे पाडायची यावर, लोक तासन्‌तास भांडतात. माझ्या मते खेळ सुधारतो तो मापाने, त्यातही अंगठ्याच्या. मी पावसातून, रिक्षात घामाघूम होऊन आलो होतो. काका म्हणाले, "आधी चहा घे, पंख्याखाली बस. असा फुगलेला अंगठा मोजून काय करू?" बाहेरची दमट हवा आणि ॲलीतला एसी यांत अंगठा चांगलाच कमी-जास्त होतो. त्यामुळे त्यांनी भोक किंचित मोठं ठेवलं आणि आत टेप लावायला दिली. एसीत बोट आखडलं की एक पट्टी वाढवायची, फुगलं की काढायची. स्पॅन (अंगठ्याच्या आणि बोटांच्या भोकांमधलं अंतर) फिंगरटिपचा, बोटं पहिल्या पेरापर्यंतच आत. अंगठ्याच्या भोकाची कड त्यांनी हाताने घासली. घालून बघ, काढून बघ, परत घास. मशीन त्या मानाने पटकन झालं. निळ्या चमकदार चुऱ्याचा ढीग आणि रेझिनचा उग्र वास मागे राहिला.

रात्रीच्या कोरड्या लेनवर आता बॉल पिनांच्या अलीकडे वळतो, तेही बेताने, आणि दहा नंबरची पिन पूर्वीइतकी छळत नाही. चार-पाच बोर्ड डावीकडे सरकायचो ते सरकणं बरंच कमी झालं. मॉलच्या दारावर मात्र बॅग उघडून दाखवावी लागतेच. सिक्युरिटीवाले बॉल हातात घेऊन तोलून बघतात.

ताज्या तेलावर हा बॉल वळायचं नावच घेत नाही, तेव्हा जुनाच बरा. दोन्ही मिळून साडेतेरा किलो होतात, लोकलच्या गर्दीत ते कोण नेणार? म्हणून निघण्याआधी ॲलीत फोन करून विचारतो, आज मशीन कधी फिरवलं, आणि मग एकच बॅगेत टाकतो.