नेफर्टिटीचे माहेर

नेफर्टिटी कोणाची मुलगी, या प्रश्नावरील माझे मत आजवर दोनदा बदलले आहे. इ.स.पू. १४व्या शतकात इजिप्तचा फॅरो, म्हणजे राजा, असलेल्या अखेनातेनच्या या राणीच्या बिरुदांची यादी लांबलचक आहे. मात्र तीत ‘राजकन्या’ हे बिरुद कुठेही आढळत नाही. मानपानाबाबत इतक्या काटेकोर दरबाराने हे एकच बिरुद विसरून गाळले असेल, असे मानणे कठीण आहे, म्हणून ती कोणत्याही फॅरोची मुलगी नसावी असे मी धरून चालतो.

सुरुवातीला मला ती उत्तर सीरियातील मितान्नी या राज्यातली असावी, हा तर्क पटला होता. तेथील राजा तुश्रत्त याने आपली मुलगी तदुखेपा अखेनातेनचा पिता तिसरा आमेनहोतेप याला दिली आणि पुढे ती अखेनातेनच्या अंतःपुरात आली, हे अखेनातेनची राजधानी अमार्ना येथे सापडलेल्या पत्रव्यवहारावरून कळते. ‘सुंदरी आली आहे’ असा नेफर्टिटी या नावाचा अर्थ असल्याने ती हीच परदेशी वधू, असे काही अभ्यासकांनी सुचवले. तुश्रत्त हे नाव ‘त्वेषरथ’शी जोडले जात असल्यामुळे भारतीय वाचकाला हा तर्क जरा जास्तच भुलवतो, हे कबूल केले पाहिजे. परंतु अमार्नाच्या थडग्यांमधील चित्रांत राणीची बहीण मुतबेनरेत दिसते, आणि आय या बड्या अधिकाऱ्याची पत्नी तेय ही स्वतःला राणीची दूधआई म्हणवते. बहीण आणि दूधआई दोघीही इजिप्तमध्येच असताना माहेर मितान्नीत कशाला शोधायचे?

मग तेयच तिची आई का नव्हे? येथे मला तियेचे उदाहरण निर्णायक वाटते. तिसऱ्या आमेनहोतेपची ही राणी, म्हणजे अखेनातेनची आई, हीसुद्धा राजघराण्यातली नव्हती, तरी भुंगेऱ्याच्या आकाराच्या स्मारकमुद्रांवर राजाने तिच्या वडिलांचे नाव युया आणि आईचे थुया असे उघडपणे कोरवून घेतले, आणि थुया ‘महाराणीची आई’ हे बिरुद अभिमानाने मिरवत राहिली. तेय खरी आई असती, तर तिने दूधआईच्या मानावर समाधान मानले नसते. त्यामुळे नेफर्टिटी ही आयच्या आधीच्या पत्नीची मुलगी आणि तेय तिची सावत्र आई, हा अंदाज मला आज सर्वांत सुसंगत वाटतो. आयचे ‘देवपिता’ हे बिरुद राजाच्या सासऱ्याचे होते, या युक्तिवादावर मात्र मी फारसा भार टाकत नाही, कारण ते पुरोहितांनाही असे.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीत राजांच्या खोऱ्यातील केव्ही ३५ या थडग्यातील ‘तरुण स्त्री’ म्हणून ओळखली जाणारी ममी फॅरो तुतनखामुनची आई आणि तिसरा आमेनहोतेप व तिये यांची मुलगी ठरली. तिला नेफर्टिटी म्हणायचे, तर ‘राजकन्या’ या बिरुदाची अडचण पुन्हा उभी राहते. त्यावर, भावंडांच्या मुलांमध्ये पिढ्यानपिढ्या लग्ने होत गेली तरी जनुके असाच निकाल दाखवू शकतात, असे उत्तर दिले जाते. आते-मामे भावंडांच्या सोयरिकी पाहिलेल्या आपल्या लोकांना ते अशक्य वाटू नये. मात्र त्यासाठी आय हा युया-थुयांचा मुलगा, म्हणजे तियेचा भाऊ, होता हे गृहीत धरावे लागते, आणि थुयाच्या शवपेटीवर मुलगा म्हणून नाव आहे ते आनेनचे.