पंचांग बघून निवडलेली कॅरिबियन गावं

माझ्यासारख्या लग्नाचे फोटो काढणाऱ्याला मोकळा वेळ मिळतो तो चातुर्मासात. आषाढीला मुहूर्त संपले की तुळशीच्या लग्नापर्यंत बारशी, डोहाळजेवणं आणि पासपोर्ट साइज. नेमका त्याच काळात कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा हंगाम असतो, १ जून ते ३० नोव्हेंबर. स्वच्छ आकाश हवं तर डिसेंबर ते एप्रिलमध्ये जायला हवं. पण तेव्हा इकडे डायरी भरलेली, शिवाय जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा. यात्रेचे नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या उंच काठ्या, रस्त्यावर असताना मी सोलापूर सोडणार नाही, कुणी फुकट नेलं तरी.

त्यामुळे फोटो काढायला जायच्या कॅरिबियन गावांच्या माझ्या यादीला पहिली कात्री पंचांगानंच लावली. हवाना गेली. पोर्तो रिकोतलं ओल्ड सॅन हुआनही गेलं. तिथले निळसर फरसबंदी रस्ते लोखंडाच्या भट्टीतल्या धातुमळीपासून घडवलेल्या विटांचे आहेत आणि पावसात ते भारी चमकतात, पण एक तर ते वादळांच्या वाटेवर, वर पोर्तो रिको अमेरिकेचं, म्हणून अमेरिकेचा व्हिसा. क्यूबातलं त्रिनिदाद गाव खोडताना मात्र जिवावर आलं. १५१४ सालचं गाव, बुटकी कौलारू घरं, गोल दगड बसवलेल्या गल्ल्या, आणि खिडक्यांना जवळजवळ जमिनीपासून वरपर्यंत गज. राहू दे, पुन्हा कधीतरी.

वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला उरतात अरुबा, बोनेअर, क्युरासाव आणि त्रिनिदाद हे बेट (क्यूबातलं गाव वेगळं, हे बेट वेगळं, तिकीट काढताना बघून काढा). पहिल्या दोन बेटांवर लोक किनाऱ्यासाठी जातात. मला गल्ल्या हव्यात.

‘सर्वात सुंदर गावं’ छापाच्या याद्या भिंतीचा रंग दाखवतात, भिंतीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते सांगत नाहीत. मी आधी नकाशात तेच बघतो. आपल्याकडे साडेबाराच्या मुहूर्ताला नवरदेवाला मंडपाबाहेर उभं करा: डोळ्यांच्या खोबणीत अंधार, नाकाखाली मिशीएवढी सावली, आणि फेट्याचा तुरा जळून पांढराफेक. क्युरासाव आपल्यापेक्षाही विषुववृत्ताच्या जवळ, साधारण १२ अंश उत्तरेला. म्हणजे ऑक्टोबरात दुपारचं ऊन तिथं आणखी डोक्यावर. साडेनऊ ते साडेतीन कॅमेरा पिशवीत, हे आधीच धरून चालायचं. मग उरलेल्या वेळात कुठली भिंत उजळते, एवढाच प्रश्न.

क्युरासावची राजधानी विल्लेमस्टाड त्यात चोख बसते. गावाच्या मधून खाडी जाते. पूर्वेला पुंडा, पश्चिमेला ओत्रोबांडा. पुंडाच्या धक्क्यावरची ती प्रसिद्ध रंगीत घरांची रांग, हांडेल्सकाडे, पश्चिमेकडे तोंड करून आहे. म्हणजे दुपारी चारनंतर ओत्रोबांडाच्या काठावर तिपाई लावायची आणि ऊन उतरेपर्यंत हलायचं नाही. रंगांची गोष्ट अशी सांगतात की १८१७ साली किकर्ट नावाच्या गव्हर्नरनं पांढऱ्या भिंतींच्या चकाकीनं डोकं दुखतं म्हणून पांढरा रंगच बंद केला. त्याचे रंगाच्या धंद्यात पैसे होते, असंही लोक म्हणतात. मला ती डोकेदुखी मात्र पटते. सिद्धेश्वराच्या यात्रेत भर उन्हात हजारो पांढऱ्या बाराबंद्यांचा एक्स्पोजर सांभाळून बघा म्हणजे कळेल.

दोन्ही काठांना जोडतो तो १८८८ सालचा राणी एमा पूल, होड्यांवर तरंगणारा. जहाज आलं की अख्खा पूल बाजूला सरकतो. थोडाच वेळ उघडणार असेल तर नारिंगी झेंडा, जास्त वेळ असेल तर निळा. निळा लागला की फुकटच्या फेरीबोटीनं पलीकडे जायचं. माझ्यासाठी फोटो त्या निळ्या झेंड्याखाली ताटकळणाऱ्या माणसांचा आहे. फक्त क्रूझ जहाजांचं वेळापत्रक आधी पाहायचं, नाहीतर ताटकळणारे सगळे पर्यटकच. सकाळसाठी जवळच्या स्खार्लो वस्तीत व्यापाऱ्यांचे जुने वाडे आहेत. त्यातल्या एका हिरव्या-पांढऱ्या, नक्षीनं लगडलेल्या इमारतीला लोक ‘वेडिंग केक’ म्हणतात. धंद्याची नजर जाणारच.

त्रिनिदादची निवड रंगासाठी नाही. १८४५ पासून आपल्याकडचे मजूर तिथं उसाच्या मळ्यात नेले गेले, आणि दिवाळीला तिथं सार्वजनिक सुट्टी असते. फेलिसिटी गावात बांबू चिरून, वाकवून कमानी करतात आणि त्यावर पणत्या लावतात. मला पेटलेल्या पणत्यांपेक्षा आदल्या दिवशीची ती बांबू वाकवण्याची गडबड टिपायची आहे.

आणि त्रिनिदादमधल्याच वॉटर्लूचं समुद्रातलं देऊळ. तळ्यातलं सिद्धेश्वर बघत वाढलेल्या माणसानं ते चुकवायचं कसं? शिवदास साधू नावाच्या मजुरानं आधी साखर कंपनीच्या जागेत देऊळ बांधलं. ते पाडलं गेलं आणि त्याला तुरुंगात जावं लागलं. मग सायकलवरून सामान वाहून त्यानं समुद्रातच भर घालायला घेतली. आजचं देऊळ १९९५ सालचं. किनारा पश्चिमेचा, त्यामुळे सूर्य देवळामागे मावळतो. पण ओहोटीला पाण्याऐवजी चिखल दिसतो, म्हणून भरतीची वेळ संध्याकाळशी जुळेल तोच दिवस धरायचा. शेजारीच दहनभूमी आहे. तिकडे लेन्स वळवायची नाही.

तिथल्या राजधानीला, पोर्ट ऑफ स्पेनला, सकाळ द्यायची. क्वीन्स पार्क सव्हाना या मोठ्या मैदानाच्या पश्चिम कडेला सात जुन्या इमारती ओळीनं उभ्या आहेत, तोंडं पूर्वेला. सूर्य उगवला की काम सुरू.

घरी आईचा एकच मुद्दा होता, “दिवाळीला कुलूप घालून जातंय का कुणी?” बायको म्हणाली, “जाऊ द्या ओ त्यांना, घरी असले तरी फराळाला कुठं हात लावतात.” यावर मी गप्प बसलो.

क्रम ठरलाय: आम्स्टरडॅमहून थेट क्युरासाव, मग त्रिनिदाद. व्हिसाची कागदं सुरू आहेत. तुळशीच्या लग्नानंतरची पहिली ऑर्डर अक्कलकोट रोडची, आगाऊ घेऊन ठेवली आहे. त्यामुळे तारीख पुढं ढकलता येईल असं परतीचं तिकीट एजंटनं सुचवलं तेव्हा त्याला सांगितलं, तसलं नकोच.