तुम्ही विचारलंत म्हणून: क्लिंगॉनचे उच्चार आपल्याला जमतील का?

क्लिंगॉन शिकतोय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: 'ते खाकरल्यासारखे उच्चार आपल्याला जमतील का?' जमतील. काही तर आधीच जमतात.

स्टार ट्रेक या अमेरिकी विज्ञानकथा-मालिकेतल्या आणि चित्रपटांतल्या लढवय्या परग्रहवासीयांची ही भाषा मार्क ओक्रँड या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९८४च्या चित्रपटासाठी रचली. १९७९च्या चित्रपटात जेम्स डूहान या अभिनेत्याने बेतलेली मोजकी वाक्यं होती, त्यांतले ध्वनी ओक्रँडने आधाराला घेतले. बोलणार शेवटी हाडामांसाचे नटच, त्यामुळे माणसाच्या तोंडून निघणार नाही असा एकही ध्वनी तिच्यात नाही. परकेपणा आणला तो निवडीतून. तिच्यात ड आहे, पण ट नाही! ष आहे, पण स नाही. क आणि ग तर गायबच. क-च-ट-त-प ओळीने घोकलेल्या माणसाला यातला खोडसाळपणा लगेच कळतो.

इंग्रजी बोलणाऱ्यांना या ड-साठी जीभ मागे न्यायला शिकावं लागतं, आपल्याला तो फुकट. फक्त तो सगळीकडे 'डबा'तला हवा, 'घोडा'तला नको. ष मात्र फुकट नाही, कारण आपण बहुतेक जण तो श-सारखाच उच्चारतो. गझला ऐकणाऱ्यांना क्लिंगॉनमधले ख़ आणि ग़, म्हणजे उर्दूतल्यासारखे घशाशी घासून काढायचे ध्वनी, ओळखीचे वाटतील.

खरी परीक्षा दोन क्यूंची. रोमन लिपीत लिहिताना छोटा क्यू आणि कॅपिटल क्यू ही इथे दोन वेगळी अक्षरं आहेत. दोन्हींसाठी जिभेचं मूळ पडजिभेपाशी टेकवायचं. छोट्यात ते स्वच्छ सोडायचं, मोठ्यात घासत, चांगली खरखर ऐकू येईल असं. इथे गफलत करू नका: छोट्या क्यूचा जो शब्द 'फटका मारणे', तोच मोठ्या क्यूने 'मूर्ख असणे' होतो.

शिवाय भाषेचं नाव तिच्याच भाषकांच्या तोंडी क-ने सुरू होत नाही. तिथे टीएलएच असा लिहिला जाणारा ध्वनी आहे: जीभ ल-च्या जागी घट्ट लावायची आणि घशात कंप न आणता हवा कडांनी फुस्सकन सोडायची. नावाहो आणि नाहुआत्ल या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या खऱ्याखुऱ्या भाषांत तो आहे. ळ म्हणून भागवू नका, तो याचा दूरचाही नातेवाईक नाही.

आणि 'काप्ला', म्हणजे यश, हा बहुतेकांना ठाऊक असलेला शब्द. त्याची सुरुवात मोठ्या क्यूने होते आणि शेवटी कंठ झटक्यात बंद होतो. शेवटचा आ लांबवत बसलात, तर माझ्या मते तुम्ही अजून फक्त पाहुणे आहात.