नऊ हजार वस्तीचं गाव आणि जगभर जाणारे पार्ट

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, तासगाव-कवठेमहांकाळकडच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी टेंपरेचर आणि ह्युमिडिटीचे कंट्रोलर बनवतो. नवीन पोरं कामाला आली की पहिल्या आठवड्यात एक प्रश्न हमखास विचारतात, सर आपण इलेक्ट्रॉनिक्सचे पार्ट अमेरिकेतून का मागवतो, मुंबईला मिळत नाहीत का? मिळतात की. पण त्या उत्तरामागं एक मोठी गोष्ट आहे आणि ती मला फार आवडते, म्हणून आज एकदा नीट लिहूनच काढतो.

डिजी-की नावाची कंपनी. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो, रेझिस्टर कपॅसिटरसारख्या बारीक पार्टपासून मायक्रोकंट्रोलर म्हणजे यंत्र चालवणाऱ्या चिपपर्यंत लाखो प्रकारचे पार्ट विकणारी जगातल्या मोठ्या डिस्ट्रिब्यूटरपैकी एक. आता ही कंपनी कुठं असेल असं वाटतं? न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया? नाही. मिनेसोटा राज्यात वर कॅनडाच्या बॉर्डरकडं थीफ रिव्हर फॉल्स म्हणून गाव आहे, वस्ती नऊ हजाराच्या आत. म्हणजे आपल्याकडं एखादं मोठं खेडं होईल एवढं. आपल्या हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे तसा तिथं थीफ रिव्हर आणि रेड लेक रिव्हरचा संगम आहे, बाकी थंडीत सगळं गोठलेलं. अशा ठिकाणाहून रोज जगभर पार्सलं जातात.

सुरुवात केली रोनाल्ड स्टोर्डाल यांनी. त्याच गावचे, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमधे पीएचडी, आणि हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेनं वायरलेस सेटवर लांबच्या लोकांशी बोलायचा, नाद. हॅमवाले मोर्स कोडमधे संदेश पाठवतात, त्यातल्या डिट-डा, म्हणजे आखूड आणि लांब खुणा, नीट एकसारख्या निघाव्यात म्हणून स्टोर्डाल यांनी एक डिजिटल कीअर, म्हणजे त्या खुणा काढणारं यंत्र, बनवला आणि त्याचं किट, म्हणजे घरी जोडायचा संच, करून हॅमवाल्यांना विकायला लागले. डिजी-की हे नाव त्या किटवरूनच आलं. आता किट विकायचं म्हणजे पार्ट होलसेलमधे घ्यावे लागतात, आणि होलसेलमधे घेतले की उरतातच, हे आमच्यासारख्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. ते उरलेले पार्ट सुटे विकायला काढले तर लोक किटपेक्षा पार्टच जास्त मागायला लागले. 1972 ला कंपनी उभी राहिली आणि पुढं किट मागं पडलं, पार्टच मुख्य धंदा झाला.

मला वाटतं खरी अक्कल इथं आहे. बनवणाऱ्या कंपन्या पार्ट रीलवर, म्हणजे लांब टेपमधे एकेक बसवून गुंडाळलेल्या चक्रीवर, विकतात, 0805 या बारीक साइजच्या रेझिस्टरचं एक रील म्हणजे 5000 नग. ज्याला एक बोर्ड बनवून बघायचाय त्यानं 5000 रेझिस्टर घेऊन काय करायचं? मोठे डिस्ट्रिब्यूटर अशा गिऱ्हाइकाकडं बघायचे पण नाहीत, त्यांचं लक्ष फॅक्टरीच्या ऑर्डरवर. डिजी-कीनं काय केलं, रील उघडलं, कात्रीनं टेप कापली, दहा नग पाकिटात घातले, लेबल लावलं आणि पाठवून दिलं. एक नग घेतला तर साधारण दहा सेंट पडतात, रीलच्या भावाच्या कितीतरी पट. महाग वाटतं ना? पण त्या दहा सेंटमधे रेझिस्टर अगदी नावापुरता आहे, बाकी पैसे तो स्टॉकमधे ठेवल्याचे, शोधून काढल्याचे, मोजल्याचे आणि लगेच पाठवल्याचे. मी ते पैसे आनंदानं देतो.

आणि यातला पुढचा हिशोब बघा. ज्या इंजिनिअरनं पहिला बोर्ड तुमच्या दहा नगांवर उभा केला, त्याच्या ड्रॉइंगमधे तोच पार्ट नंबर कायमचा बसतो. माल चालला की तोच माणूस हजार नग मागतो, मग पाच हजार, आणि तेव्हा तो दुसरीकडं कशाला जाईल. आमचंच बघा की, ह्युमिडिटी सेन्सर पहिल्यांदा दोनच मागवले होते टेस्टिंगला, आज सगळ्या कंट्रोलरमधे तोच आहे. किरकोळ गिऱ्हाइकाला जो मान देतो त्यालाच मोठी ऑर्डर मिळते.

दुसऱ्या कंपन्यांच्या गोष्टी पण अशाच आहेत. मौसर 1964 ला कॅलिफोर्नियात सुरू झाली, जेरी मौसर हे हायस्कूलला फिजिक्स शिकवायचे, पोरांना इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलला पार्ट मिळेनात म्हणून स्वतःच विकायला लागले. आज ती वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेच्या छत्राखाली आहे. इंग्लंडची आरएस 1937 ची, रेडिओ रिपेअरवाल्या दुकानांना स्पेअर पुरवायची. अॅरो आणि अॅव्हनेट या दोन्ही न्यूयॉर्कच्या रेडिओ रो मधून वर आल्या, म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारखा त्यांचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजारच म्हणा, साठच्या दशकात वर्ल्ड ट्रेड सेंटरसाठी ती सगळी गल्ली पाडली. पण माझा जीव डिजी-कीत जास्त अडकतो कारण ती गावातली आहे.

गावातून कसं जमलं, तर कॅटलॉग, फोन आणि कुरिअर. जाडजूड कॅटलॉग इंजिनिअरच्या टेबलावर असायचा, फोनवर ऑर्डर, संध्याकाळपर्यंत आलेली ऑर्डर त्याच दिवशी बाहेर. मार्क लार्सन म्हणून गृहस्थ 1976 ला आले, 1985 ला प्रेसिडेंट झाले आणि 2015 पर्यंत तेच चालवत होते, एवढा स्थिर कारभार. नव्वदच्या दशकात वेबसाइट आली आणि मग कॅटलॉगची गरजच संपली. व्होल्टेज, करंट, पॅकेज सगळं टिक करत करत लाखो पार्टमधून आपल्याला हवे ते चार पार्ट समोर येतात, डेटाशीट म्हणजे पार्टची सगळी माहिती तिथंच, स्टॉक किती आहे ते तिथंच. कंपनी मोठी झाली तरी गाव सोडलं नाही, 2022 ला 22 लाख चौरस फुटांचं नवीन गोडाऊन पण तिथंच बांधलं. कुरिअरची विमानं त्या गावात येतात आणि माल घेऊन जातात.

आता आमच्याकडची बाजू. पूर्वी पार्ट लागला की पुण्याला बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोड, आणि माल एसटी पार्सलनं. त्या दुकानदारांनी आमच्या पिढीला उभं केलंय, फोनवर आवाज ओळखून उधारीवर माल दिलाय, ते विसरणार नाही. पण आयसीच्या, म्हणजे चिपच्या, बाबतीत एकदा फार त्रास झाला. एका ठिकाणाहून मायक्रोकंट्रोलरचा लॉट घेतला, बोर्ड फिल्डवर जाऊन बंद पडायला लागले. एक आयसी काढून कापसावर अॅसिटोन घेऊन पुसला तर वरचं प्रिंटिंग कापसावर आलं आणि खाली जुना वेगळाच नंबर, पायांवर जुन्या सोल्डरचे डाग. भंगारातल्या बोर्डावरून काढून पॉलिश करून विकलेला माल. एका कोल्ड स्टोरेजमधे शेतकऱ्याचा वर्षभराचा बेदाणा असतो हो, तिथं कंट्रोलर बंद पडून कसं चालेल.

म्हणून डिजी-कीसारखा ऑथराइज्ड, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीनंच नेमलेला, डिस्ट्रिब्यूटर. बॉक्स उघडला की प्रत्येक पार्टचं वेगळं पाकीट, लेबलवर पार्ट नंबर, नग आणि लॉट, आयसीच्या सीलबंद पिशवीत सिलिका जेल आणि दमट हवा शिरली तर रंग बदलणारं कार्ड. माल थेट बनवणाऱ्याकडून आला याची खात्री. वर 18 टक्के आयजीएसटी, कस्टमची केवायसी, कुरिअरचा खर्च, हे सगळं धरून महाग पडतं, मान्य आहे. 2021 च्या चिपच्या टंचाईत तर काही मायक्रोकंट्रोलरना 52 आठवड्यांचा लीड टाइम, म्हणजे ऑर्डरनंतर माल यायला तेवढा वेळ, सांगत होते, तेव्हा कुणाकडंच काही नव्हतं आणि आम्ही अख्खा बोर्ड दुसऱ्या पार्टवर नव्यानं डिझाइन केला.

आता मुद्द्याचं. किर्लोस्करवाडी 1910 ला माळरानावरच उभी राहिली, लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजांनी जागा दिली आणि जवळ कुंडल रोडचं स्टेशन होतं. आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. सांगलीच्या वालचंद कॉलेजमधून दरवर्षी इलेक्ट्रॉनिक्सची पोरं बाहेर पडतात आणि पुण्याला जातात. सांगलीत बसून का नाही कुणी पार्टचा स्टॉक ठेवत? लाखो प्रकार नकोत, सांगली-मिरज-कुपवाड-कोल्हापूरच्या युनिटना रोज लागणारे पाचसातशे प्रकार, ओरिजिनल, कापलेल्या टेपवर, दहा नगसुद्धा मिळतील असे आणि आज फोन केला की उद्या दारात. भांडवल अडकतं, काही रील वर्ष-वर्ष हलत नाहीत, हे खरंय. पण पहिलं गिऱ्हाईक मी व्हायला तयार आहे, आमची महिन्याची पार्टलिस्ट पण देतो. कुपवाड-मिरज एमआयडीसीतल्या अजून कुणाला यात रस असेल तर तुमची लिस्ट पण काढून ठेवा, कॉमन पार्ट किती निघतात ते आधी एकत्र बसून बघू.